परवानगीच्या अटी : अमेरिकी राज्यांचे कॅनाबिस-कायदे वाचण्यापूर्वी

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने 1970 साली गांजाला सर्वांत कडक बंदीच्या पहिल्या परिशिष्टात टाकले. त्याच देशातल्या 24 राज्यांनी 2023 अखेरपर्यंत 21 वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीला तो बाळगण्याची मुभा दिली आणि त्यांतल्या बहुतेक राज्यांनी तो रीतसर दुकानातून विकण्याची व्यवस्थाही उभी केली. ही दोन विधाने एकाच वेळी खरी ठरतात, आणि त्यांच्या मधल्या अरुंद जागेत गेल्या तीस वर्षांत कायद्याची एक नवी शाखा वाढली आहे. तिच्यात परवाने आहेत, कर आहेत, प्रयोगशाळा आहेत, शहर-नियोजन आहे, आणि डिस्पेन्सरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दुकानात दररोज पाळावयाच्या शेकडो बारीक अटी आहेत. पुढील प्रकरणे या अटींविषयी आहेत.

मराठी वाचकाने या विषयाकडे का वळावे, हा प्रश्न रास्त आहे. नशेचे समर्थन वा निषेध हा आपला विषय नाही. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आपले कुतूहल वेगळ्या ठिकाणी आहे. एखाद्या वस्तूवरची बंदी उठवायला एक मतदान पुरते. पण ती वस्तू कोणी पिकवावी, कोणी तपासावी, कोणाला, किती आणि कोणत्या वेष्टनात विकावी, चुकले तर काय करावे, हे ठरवायला वर्षे जातात. दारू, औषधे, शेतीमाल यांचे नियम आपल्याला पूर्वजांकडून तयार मिळाले. ते कसे घडले हे पाहण्याची संधी कोणाला मिळाली नाही. इथे मात्र एक संपूर्ण नियमसंहिता आपल्या पिढीच्या डोळ्यांदेखत, मसुदे आणि हरकतींसह, उघड्यावर रचली गेली. राज्यव्यवस्था कशी काम करते हे समजून घेऊ इच्छिणाऱ्याला, मग तो विधीचा विद्यार्थी असो, औषधनिर्माता असो की हिशेबनीस, याहून बोलका अभ्यासविषय आज क्वचितच सापडेल.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय पुढचे नियम विनाकारण जाचक वाटतात. नोव्हेंबर 1996 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रपोझिशन 215’ मंजूर केले आणि डॉक्टरांच्या शिफारशीने गांजा वापरणाऱ्या रुग्णांना राज्याच्या फौजदारी कायद्यापासून संरक्षण दिले. दुकाने कशी चालावीत याबद्दल त्या मजकुरात जवळजवळ काहीच नव्हते. पुढे 2005 साली ‘गोन्झालेस विरुद्ध रेच’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की राज्याने परवानगी दिली तरी केंद्राची बंदी लागू राहते, अगदी घरापुरती चार-सहा रोपे लावणाऱ्या रुग्णालाही. त्यामुळे 2012 साली कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांनी रुग्णांच्या पलीकडे जाऊन सर्व प्रौढांना मुभा दिली, तेव्हा केंद्र काय करणार याकडे सर्वांचे डोळे लागले होते.

उत्तर 29 ऑगस्ट 2013 रोजी आले. केंद्रीय न्यायखात्याने आपल्या सरकारी वकिलांना पाठवलेले ते पत्र ‘कोल मेमो’ म्हणून ओळखले जाते. त्यात आठ चिंता मांडल्या होत्या: माल अल्पवयीनांच्या हाती पडू नये, पैसा गुन्हेगारी टोळ्यांकडे जाऊ नये, माल शेजारच्या बंदी असलेल्या राज्यात झिरपू नये, अशा प्रकारच्या. ज्या राज्याची देखरेख या चिंता दूर ठेवण्याइतकी भक्कम असेल, तिथे केंद्र आपली शक्ती खर्च करणार नाही, असा त्याचा आशय होता. वाचकांनी हे पत्र मनात ठेवावे. डिस्पेन्सरीच्या दारावरची ओळखपत्राची तपासणी, प्रत्येक रोपावरचा क्रमांक, प्रत्येक कोपऱ्यावर रोखलेला कॅमेरा, यांतल्या कितीतरी अटींना आकार आला तो या आठ चिंतांना उत्तर देताना. 4 जानेवारी 2018 रोजी ते पत्र मागे घेण्यात आले. अटी मात्र राहिल्या, आणि आता राज्ये त्या स्वतःच्या कारणांसाठी राबवतात. वैद्यकीय वापरापुरते आणखी एक कवच आहे. डिसेंबर 2014 पासून संसद आपल्या खर्चविधेयकात अशी तरतूद घालत आली आहे की न्यायखात्याने राज्यांच्या वैद्यकीय कॅनाबिस-कायद्यांत अडथळा आणण्यासाठी पैसा वापरू नये. हे कवच पुन्हा पुन्हा नूतनीकरण करावे लागते, आणि प्रौढांच्या सर्वसाधारण वापराला ते लागू नाही.

आता तुम्ही या क्षेत्रात प्रवेश कुठून करावा? माझा सल्ला असा की कलम पहिले, उपकलम पहिले असे वाचत बसू नका. दुकानातले एक पाकीट हाती आले आहे असे समजा आणि त्याचा माग उलट्या दिशेने काढा. यासाठी कॅलिफोर्निया उत्तम, कारण तिथली साखळी सर्वांत स्पष्ट आहे. 2016 च्या ‘प्रपोझिशन 64’ नंतर 1 जानेवारी 2018 पासून तिथे सर्व प्रौढांसाठी विक्री सुरू झाली. सुरुवातीला तीन वेगवेगळी खाती यावर देखरेख करीत. जुलै 2021 मध्ये ती एकत्र करून ‘डिपार्टमेंट ऑफ कॅनाबिस कंट्रोल’ हे एकच खाते करण्यात आले.

पाकिटावर एक क्रमांक असतो. तो ‘मेट्रक’ नावाच्या संगणकप्रणालीत टाकला की माल कोणत्या शेतातून निघाला हे कळते. शेतात लहान रोपांच्या शंभरपर्यंतच्या गटाला एक क्रमांक मिळतो. रोप फुलोऱ्यावर आले की प्रत्येकाला स्वतंत्र पट्टी अडकवावी लागते. कापणी झाली की वजन नोंदवायचे, टाकाऊ भाग किती गेला ते नोंदवायचे, सुकल्यावरचे वजन नोंदवायचे. पुढे माल शेतकऱ्याकडून थेट दुकानात जात नाही. मध्ये परवानाधारक वितरक असतो. त्याच्या गोदामात प्रयोगशाळेचा माणूस येऊन नमुना घेतो आणि या नमुना घेण्याचे चित्रीकरण होते. कापणीच्या मालाचा एक गट 50 पौंडांपेक्षा मोठा असता कामा नये, म्हणजे एक नमुना फार मोठ्या ढिगाची साक्ष देत बसत नाही. प्रयोगशाळा 66 कीटकनाशके, शिसे, पारा, आर्सेनिक आणि कॅडमियम हे धातू, बुरशी, साल्मोनेलासारखे जिवाणू आणि ओलावा तपासते, शिवाय टीएचसी या मादक घटकाचे प्रमाण मोजते. तपासणीत नापास झालेला माल दुकानापर्यंत पोहोचत नाही.

दुकानात आल्यावर अटींचे स्वरूप बदलते. इथे माणसे येतात. ग्राहक 21 वर्षांचा हवा, किंवा डॉक्टरांची शिफारस असलेला किमान 18 वर्षांचा. एका दिवसात त्याला 28.5 ग्रॅम फूल किंवा 8 ग्रॅम अर्क यांहून अधिक विकता येत नाही. वैद्यकीय रुग्णासाठी मर्यादा वेगळी. खाद्यपदार्थात एका मात्रेत 10 मिलिग्रॅम आणि पूर्ण पाकिटात 100 मिलिग्रॅम टीएचसी ही कमाल मर्यादा. वेष्टन लहान मुलाला सहज उघडता येणार नाही असे, आणि दुकानाबाहेर नेताना पिशवी अपारदर्शक. विक्री सकाळी 6 ते रात्री 10 याच वेळेत. स्थानिक संस्थेने वेगळे अंतर ठरवले नसेल तर शाळेपासून 600 फूट दूर. कॅमेऱ्याचे चित्रण अहोरात्र चालू, आणि ते 90 दिवस जपून ठेवायचे. या आकड्यांची पाठांतरे करू नका. प्रत्येकामागे कोणता धोका होता हे विचारा, म्हणजे नियम आपोआप लक्षात राहतो. कोलोरॅडोने 2017 पासून माणूस, प्राणी आणि फळ यांच्या आकाराचे कॅनाबिसयुक्त खाऊ विकायला मनाई केली. अस्वलाच्या आकाराची गोळी टेबलावर पडली तर चार वर्षांचे मूल काय करील, हा प्रश्न ज्याने एकदा विचारला त्याला ते कलम समजावून सांगावे लागत नाही.

या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि तो इथे लपवण्याचे कारण नाही. डिस्पेन्सरीत नियमपालनाची जबाबदारी सांभाळणारी व्यक्ती दिवसभर जे करते ते बाहेरून नीरस दिसते: कपाटातला माल मोजणे, तो मेट्रकमधल्या आकड्याशी ताडून पाहणे, दोन ग्रॅमचा फरक आला तर त्याचे कारण शोधून लिहून ठेवणे, नव्या कर्मचाऱ्याला ओळखपत्राची मुदत बघायला शिकवणे. 2019 साली अमेरिकेत व्हेपच्या नळ्या ओढून फुप्फुसे निकामी होण्याची साथ आली. फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,807 रुग्ण दाखल झाल्याची वा मृत्यू पावल्याची नोंद झाली; मृतांची संख्या 68 होती. नळ्यांतल्या तेलात मिसळलेल्या ‘व्हिटॅमिन ई अॅसिटेट’ या पदार्थाशी या साथीचा घट्ट संबंध आढळला, आणि त्या नळ्या बहुतांशी अनौपचारिक मार्गांनी, मित्रांकडून वा चोरबाजारातून आलेल्या होत्या. माल कुठून आला हे सांगता येणे म्हणजे काय, याचे उत्तर त्या वर्षी अनेक कुटुंबांना फार महागात मिळाले.

अर्थात व्यवस्थेत दोष आहेत, आणि ते सांगितल्याशिवाय प्रस्तावना प्रामाणिक होणार नाही. प्रयोगशाळेचे पैसे माल देणाराच भरतो. टीएचसीचा आकडा मोठा असला की माल महाग विकला जातो. त्यामुळे उदारपणे मोजणाऱ्या प्रयोगशाळेकडे गिऱ्हाईक वळते. कॅलिफोर्नियाने 2024 पासून फुलातले टीएचसी मोजण्याची एकच प्रमाण पद्धत सर्व प्रयोगशाळांना बंधनकारक केली. उपाय योग्य दिशेचा आहे, पण पैसे कोण देतो हा मूळ प्रश्न त्याने सुटत नाही, असे माझे मत आहे.

करांचे प्रकरण स्वतंत्रपणे आणि सावकाश वाचावे. 1981 साली एका अमली पदार्थ विकणाऱ्याला केंद्रीय कर न्यायालयाने त्याच्या धंद्याचा खर्च, अगदी तराजूच्या किमतीसह, उत्पन्नातून वजा करू दिला. संसदेला ते रुचले नाही, आणि 1982 मध्ये करसंहितेत ‘280-ई’ हे कलम आले: पहिल्या वा दुसऱ्या परिशिष्टातल्या पदार्थांचा व्यापार करणाऱ्याला नेहमीची खर्चाची वजावट मिळणार नाही. चोरट्या व्यापाऱ्यासाठी लिहिलेले हे कलम आज राज्याचा परवाना भिंतीवर लावून बसलेल्या दुकानदाराला लागू पडते. समजा एका दुकानाची विक्री 10 लाख डॉलर, माल खरेदी 6 लाख, आणि भाडे, पगार, वीज मिळून 3 लाख. इतर कोणताही दुकानदार 1 लाखाच्या नफ्यावर 21 टक्क्यांनी 21 हजार डॉलर कंपनीकर भरेल. डिस्पेन्सरीला मालाची किंमत तेवढी वजा करता येते, म्हणून ती 4 लाखांवर 84 हजार भरते. हातात उरतात 16 हजार. मे 2024 मध्ये केंद्रीय न्यायखात्याने कॅनाबिसला तिसऱ्या परिशिष्टात हलवण्याचा प्रस्ताव प्रसिद्ध केला, तेव्हा या व्यवसायात सर्वाधिक चर्चा झाली ती याच कलमाची, कारण तिसऱ्या परिशिष्टाला 280-ई लागत नाही. बँकांचेही तसेच. केंद्रीय बंदीमुळे अनेक बँका खाते उघडायला कचरतात, आणि ज्या उघडतात त्यांना फेब्रुवारी 2014 च्या कोषागार खात्याच्या मार्गदर्शनानुसार या ग्राहकांविषयी विशेष अहवाल पाठवत राहावे लागतात.

एक राज्य समजले म्हणजे सगळी समजली, अशी समजूत वाचकांनी करून घेऊ नये. वॉशिंग्टनमध्ये पिकवणारा दुकान चालवू शकत नाही. फ्लोरिडाच्या वैद्यकीय व्यवस्थेत परवानाधारकाने पिकवण्यापासून विकण्यापर्यंत सगळे स्वतःच करावे अशी रचना आहे. एकाला मक्तेदारीची भीती, दुसऱ्याला देखरेखीची सोय महत्त्वाची. इलिनॉयने 2019 मध्ये विधिमंडळातून कायदा केला आणि टीएचसीच्या प्रमाणानुसार कर चढवला: 35 टक्क्यांपर्यंतच्या मालावर 10 टक्के, त्यापुढे 25 टक्के. व्हर्जिनियाने 2021 मध्ये बाळगणे वैध केले, पण विक्रीच्या दुकानांची व्यवस्था त्या कायद्यासोबत सुरू झाली नाही. न्यूयॉर्कने 31 मार्च 2021 च्या कायद्यात जुन्या अन्यायाची भरपाई केंद्रस्थानी ठेवली. पहिले किरकोळ परवाने गांजाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेल्या व्यक्ती वा त्यांचे नातलग आणि काही सेवाभावी संस्था यांच्यासाठी राखले. तिथली पहिली वैध विक्री 29 डिसेंबर 2022 रोजी मॅनहॅटनमध्ये अशाच एका संस्थेच्या दुकानात झाली. हेतू उदात्त होता. अंमल रखडला, न्यायालयात अडकला, आणि तोवर विनापरवाना दुकानांनी शहर भरून गेले. आणि राज्याच्या खाली गावे आहेत. कॅलिफोर्नियाच्या अर्ध्याहून अधिक शहरांनी आणि काउंट्यांनी आपल्या हद्दीत अशी दुकाने होऊच दिलेली नाहीत. म्हणून केंद्र, राज्य आणि गाव असे तीन थर प्रत्येक प्रश्नाला लावून पाहण्याची सवय सुरुवातीपासूनच ठेवा.

या साऱ्या गोष्टी परक्या भूमीवरच्या आहेत, तरी त्यांचा एक पूर्वज आपल्याकडचा आहे, आणि ते सांगताना थोडा अभिमान वाटतो. 1893 मध्ये ब्रिटिश सरकारने ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमले. त्याने हजाराहून अधिक साक्षी नोंदवल्या. मुंबई इलाखा आणि वऱ्हाडातल्या साक्षीही त्यांत आहेत. संपूर्ण बंदी आवश्यक नाही, असा निष्कर्ष काढून आयोगाने चार उपाय सुचवले: पुरेसा कर, परवान्याखालीच आणि मोजक्या ठिकाणी लागवड, दुकानांच्या संख्येवर मर्यादा, आणि एका माणसाने किती बाळगावे यावर मर्यादा. बंगालमधल्या नौगावला गांजाचे पीक परवान्याने घेतले जाई आणि सरकारी देखरेखीखालच्या गोदामात वजन करून ठेवले जाई. संगणक सोडला तर मेट्रकचा सांगाडा तिथे दिसतो. आज भारतात 1985 चा एनडीपीएस कायदा गांजा आणि चरसवर बंदी घालतो. शेंड्यांविना असलेली पाने आणि बिया मात्र त्याने गांजाच्या व्याख्येतून वगळल्या, आणि म्हणून भांगेचा निर्णय राज्यांकडे राहिला. राजस्थान, उत्तर प्रदेशात भांगेची सरकारमान्य दुकाने आहेत. महाराष्ट्रात परवान्याशिवाय भांग बाळगता येत नाही. केंद्र एक म्हणते, राज्ये वेगवेगळे वागतात, ही परिस्थिती आपल्यालाही अनोळखी नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगायला हवी. एडिसनला वा बे एरियात कोपऱ्यावरचे दुकान उघडे दिसते, त्यावर राज्याचा परवाना असतो, म्हणून तिथली खरेदी सर्वांना सारखीच निर्धोक आहे असे मानू नका. परदेशी नागरिकाचा व्हिसा, ग्रीन कार्ड आणि नागरिकत्व हे विषय केंद्राच्या कायद्याने चालतात. अमेरिकी नागरिकत्व विभागाने एप्रिल 2019 मध्ये स्पष्ट केले की राज्यात वैध असलेला कॅनाबिसचा वापर, आणि या उद्योगातली नोकरीसुद्धा, नागरिकत्वाच्या अर्जात ‘चांगल्या नैतिक चारित्र्या’च्या अटीला बाधा आणू शकते. डिस्पेन्सरीच्या संगणकप्रणालीवर काम करणाऱ्या वा तिचे हिशेब लिहिणाऱ्यानेही करार करण्याआधी स्थलांतर-कायद्याच्या वकिलाला भेटावे. विमानाने वा गाडीने दुसऱ्या राज्यात माल नेणे हा केंद्रीय गुन्हा आहे, दोन्ही राज्यांत तो वैध असला तरी. भारतात आणण्याचा विचारही करू नये.

पुढील प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचता येतील. नवख्याने प्रथम कॅलिफोर्नियाचे वाचावे, मग करांचे, आणि त्यानंतर आपल्या जिव्हाळ्याच्या राज्याचे. या क्षेत्रातले आकडे झपाट्याने बदलतात: कॅलिफोर्नियाचा उत्पादनशुल्काचा दर जुलै 2025 मध्ये 15 वरून 19 टक्के झाला आणि ऑक्टोबरमध्ये परत 15 वर आणला गेला. तेव्हा इथे दिलेला दर वा मर्यादा कोणत्याही व्यवहारासाठी वापरण्यापूर्वी त्या राज्याच्या नियामक खात्याने प्रसिद्ध केलेला त्या दिवशीचा मजकूर उघडून पाहावा, ही वाचकांना विनंती.